मेट्रनबाईंचा निरोप समारंभ

४ फेब्रुवारी

आईनं आज पुन्हा सगळ्या मजल्याला पहाटे उठवलं! दिवे लावले, पडदे सरकवले आणि "चला, तोंडं धुवा, डॉक्टरांचा राउंड आहे" म्हणत एकेकाचं पांघरूण ओढलं. मला हे कळलं दुकान उघडताना. एका हातात शटर, दुसऱ्या हातात फोन. मॅनेजरबाईंचा आवाज असा की जणू मीच पांघरुणं ओढत फिरले.

मी म्हटलं, अहो, डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्यांचंच सेंटर आहे ना तुमचं? शहाणी असती तर ठेवली असती का तिथं?

"तसं नाही हो. पण त्या स्वतःला पेशंट समजतच नाहीत."

नाहीच समजत. उभा जन्म हॉस्पिटलात गेला तिचा. साधी नर्स म्हणून लागली, मेट्रन होऊन बाहेर पडली. आता तिला वाटतं, हे सेंटर म्हणजे तिची नवी बदली. वॉर्ड गचाळ, स्टाफ ढिला, पण सुधारेल. सुधारणार नाही तर जाईल कुठं!

६ फेब्रुवारी

आज दुकानात मी एका बाईंचा चष्मा दुसरीला दिला. दुसरी आरशात बघून म्हणाली, "वा, आता कसं स्वच्छ!" कपाळावर हात मारून घेतला. असंच चाललं तर चष्म्याचं दुकान बंद करून घरी बसावं लागेल.

८ फेब्रुवारी

दुकानातून मधेच सुटून सेंटरला गेले. आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. मला बघून म्हणाली, "भेटीची वेळ चार ते सहा."

"आई, मी आहे गं."

"कोणीही असा. चार ते सहा."

बाहेर बाकावर बसवलं मला! स्वतःच्या पोटच्या पोरीला! तिथली कामाची मावशी हसून हसून बेजार. (ही बाई दिवसभर काहीतरी गुणगुणत असते, म्हणून मी मनातल्या मनात तिला गुणगुणच म्हणते.) म्हणाली, "ताई, आम्हालाही सोडत नाहीत. काल मी घातलेली चादर परत घालायला लावली. कोपरे नीट दुमडले नव्हते म्हणे."

रागही आला आणि बरंही वाटलं. इतकी ताठ, इतकी खूश मी तिला घरी असताना शेवटी शेवटी कधी पाहिली नव्हती. घरी नुसती खोल्याखोल्यांतून काहीतरी शोधत फिरायची. काय शोधतेस म्हटलं की रडायची. इथं आल्यावर सापडलं बहुतेक.

१२ फेब्रुवारी

झालं! व्हायचं ते झालं.

चार नंबरच्या खोलीतले सर (कॉलेजात शिकवायचे, आता शब्द आठवत नाहीत) पायाच्या दुखण्यानं पडून असतात. आईनं त्यांना उठवलं. "ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी चाललंच पाहिजे!" ऑपरेशन वगैरे काही झालेलं नाही. सर बिचारे आज्ञाधारक. चार पावलं चालले आणि खाली बसले. लागलं नाही, नशीब! पण नेमकी त्यांची सून तेव्हाच आली.

मॅनेजरबाईंनी बोलावून घेतलं. बसा म्हणाल्या. मला बसवेना. "हे बघा, मला त्या आवडतात. पण उद्या कोणाचं हाड मोडलं तर? महिनाअखेरपर्यंत काही फरक पडला नाही तर वरच्या मजल्यावर हलवावं लागेल."

वरचा मजला मी एकदा पाहिलाय. दाराला कुलूप, पलंगांना कठडे. टीव्ही चालू, आणि समोर एका ओळीत बसलेली, गोळ्यांनी डोळे जड झालेली माणसं. माझ्या आईला तिथं? जिवात जीव असेपर्यंत नाही.

१३ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. भाऊ तिकडं दूर देशी, स्वयंपाकघरात उभा राहून कॉफी ढवळत सल्ले देतो. "ताई, एखादी सौम्य गोळी सुरू करा ना. इकडं सर्रास देतात."

"तूच घे एक," म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. पण फार नाही.

१५ फेब्रुवारी

सुचलं! सुचलं!!

दुकानात एक गृहस्थ आले होते. कालच रिटायर झालेले. म्हणाले, "आता लांबचं काही बघायचं नाही बुवा. नुसता वाचायचा द्या." अगदी निवांत, सुटल्यासारखे. मी काच पुसत होते ती तशीच हातात राहिली. आई ड्यूटीवर आहे, कारण तिला कुणी रिटायरच केलेलं नाही! म्हणजे केलं होतं, पण ते ती विसरली. मग पुन्हा करायचं. रीतसर. भाषणं, फुलं, टाळ्या. सुटेल बिचारी.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आधी दोन घास खा, मग कुणाला काढायचं त्याला नोकरीवरून काढ." खायला सुचतंय कुणाला!

१७ फेब्रुवारी

मॅनेजरबाई एका पायावर तयार. गुणगुण तर भाषण पाठ करत्येय. धाकटा म्हणतो, "ब्रिलियंट, ताई!" इतकी सगळी माणसं एकदम माझ्याशी सहमत कधी झाली नव्हती. जरा धास्तीच वाटतेय.

२० फेब्रुवारी

झाला समारंभ.

दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या. आईला तिची निळी साडी नेसवली. मॅनेजरबाई बोलल्या ते ठीकच. पण गुणगुण! पाठ केलेलं सगळं विसरली आणि नुसतं म्हणाली, "मेट्रनबाई, तुम्ही ओरडायचात तेव्हा राग यायचा. पण तुम्ही आल्यापासून इथं कुणाची चादर ओली राहिली नाही." आणि रडायला लागली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक आजी थांबेचनात, त्यांचा हात धरावा लागला.

आईनं फुलं घेतली. मान थोडी झुकवली. मला वाटलं, संपलं, आता केक. तर ती म्हणाली, "चार्ज कोणाकडे देऊ?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. याचा विचारच केला नव्हता कुणी. मी उठले. म्हटलं, माझ्याकडे द्या.

तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "नखं दाखवा." दाखवली. "हं. चला."

आणि मग मला घेऊन खोलीखोलीतून फिरली. प्रत्येक दारात थांबून हळू आवाजात, पेशंटला ऐकू जाणार नाही असं. दोन नंबर कान दुखतोय म्हणून खात नाहीत, भूक नाही म्हणून नव्हे. चार नंबर संध्याकाळी रडतात, त्यांना काही विचारायचं नाही, शेजारी बसायचं. पाच नंबरचं नुकतंच बाळंतपण झालंय (पाच नंबरचे आजोबा नव्वदीचे आहेत!). मी मान डोलावत होते. हसू दाबत होते.

मग सात नंबर. सात नंबर तिचीच खोली. दारात उभी राहून आत रिकाम्या पलंगाकडे बघत म्हणाली, "या बाईंना आपण कुठं आहोत ते कळत नाही. सांगून उपयोग नाही. मुलगी येते त्यांची. आल्याबरोबर निघायच्या गोष्टी करते. तिला बोलायचं नाही. दमलेली असते."

मला हसू दाबावं लागलं नाही मग.

२१ फेब्रुवारी

पहाटे कुणीही उठवलं नाही! मॅनेजरबाईंचा फोन: शाब्बास! जीव भांड्यात पडला.

२३ फेब्रुवारी

आई पर्स मांडीवर घेऊन पलंगाच्या काठावर बसली होती. चपला घालून. मला म्हणाली, "चला, रिक्षा आणलीत का?"

"कुठं जायचंय?"

"घरी! रिटायर झाले ना मी? मग इथं काय करू?"

खरंच की! कामावरून सुटलेला माणूस घरी जातो. हे माझ्या टाळक्यात कसं आलं नाही? इतके दिवस ती जागा तिचं हॉस्पिटल होती. आता ती काहीच नाही. आणि तिचं घर तर आम्ही तिला इथं आणलं तेव्हाच रिकामं केलं. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, दिवसभर घरात कुणी नसतं, आणि तिथून ती दोनदा एकटीच रस्त्यावर गेली होती. म्हणून तर इथं आणली.

उद्या जाऊ म्हटलं. खोटं!

२४ फेब्रुवारी

उद्या जाऊ म्हटलं.

२५ फेब्रुवारी

दारापाशी उभी असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, अहो, माझं कुणी न्यायला आलंय का? इतरांच्या आया-सासवा असं विचारायच्या तेव्हा मी मनात म्हणायचे, बरं बाई आपली तशी नाही. घ्या आता!

गुणगुण आज गुणगुणत नव्हती.

२७ फेब्रुवारी

आता दारापाशीही जात नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. जेवण तसंच परत जातं.

मॅनेजरबाई म्हणाल्या, "किती शांत झाल्या! आता वर हलवायची गरजच नाही." मला ओरडावंसं वाटलं. अहो, वरचा मजलाच खाली आणून ठेवलाय मी तिच्या पलंगावर! ओरडले नाही. थँक यू म्हणाले. थँक यू!!

घरी येऊन सगळी कपाटं आवरली. नवरा म्हणाला, बस जरा. कशी बसू? बसलं की भिंतीकडे तोंड केलेली तिची पाठ दिसते.

१ मार्च

तिला परत कामावर घ्यायला गेले. मॅनेजरबाईंना आधीच दम भरला होता: चादरी ओढल्या तरी चालेल, मी सरांच्या सुनेच्या पाया पडेन, पण मला माझी मेट्रन परत हवी. त्यांनाही पटलं असावं, कारण तिला चमच्यानं पाणी पाजावं लागतं, ते त्यांनी स्वतः पाहिलंय. मग आम्ही दोघी तिच्यासमोर उभ्या. मी म्हटलं, मेट्रनबाई, वॉर्डात माणसं कमी आहेत. थोडे दिवस परत या.

भिंतीकडे बघतच म्हणाली, "मी रिटायर झालेय."

"हो, पण..."

"नियम म्हणजे नियम."

माझं नाव विसरली, बाबा गेले ते विसरली, सकाळी काय खाल्लं ते विसरते, आणि हे मात्र लक्षात ठेवलंन! धाकट्याला सांगितलं तर म्हणतो, "लक्षात राहिलं? मग हे चांगलंच लक्षण आहे ना, ताई?" याला काय म्हणावं!

२ मार्च

टॉवेलांचा ढीग तिच्यासमोर मुद्दाम विस्कटून ठेवला. बघितलंही नाही.

३ मार्च

डॉक्टर येऊन गेले. शरीरात तसं काही नाही म्हणतात. "काही जणांचा जगण्यातला रस जातो." असं सांगितलं, जणू आपोआप गेला. मी घालवला तो! फुलं देऊन, टाळ्या वाजवून! कुणाला दुखवायचं नव्हतं, सगळं प्रेमानं केलं, आणि तिच्या हातातलं एकुलतं एक काम काढून घेतलं. वरच्या मजल्यावर नेलं असतं तरी ती तिथल्या कठड्यांवरून एखाद्या नर्सला ओरडली असती.

भात भरवायला बसले. तोंड घट्ट मिटलेलं. मी म्हटलं, आई, ऐक ना गं, एक घास. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "माझ्यासाठी एवढा त्रास नका घेऊ."

असं ती कुणाशीच बोलत नसे. कधीच. मला तिचं ओरडणं हवंय.

४ मार्च

दुकान उघडलं नाही. सेंटरला गेले, परत आले, पुन्हा गेले. काही नाही.

५ मार्च

पोटात अन्न नव्हतं सकाळपासून. आईच्या खोलीत चमचा खाली पडला तो उचलायला वाकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पडल्याचं आठवत नाही. गुणगुणची किंकाळी तेवढी आठवते.

"ओरडायचं नाही! पाय वर घ्या यांचे."

आईचा आवाज. पलंगावरून उतरली होती ती, एका हातानं पलंगाची कड धरून. मला तिच्या पलंगावर ठेवायला लावलं. माझं मनगट तिच्या बोटांत. ओठ हलत होते, ठोके मोजत होती.

"मेट्रनबाई, तुम्ही पडा हो," गुणगुण म्हणाली. "तुम्ही रिटायर झालात ना?"

"माहितेय मला. पण पेशंट समोर आहे ना. साखरेचं पाणी आणा. आणि मलाही काहीतरी खायला आणा, उपाशीपोटी ड्यूटी होत नाही." मग माझ्याकडे वळून, "घरचं कुणी आहे का तुमचं?"

"आई आहे," मी म्हटलं.

"कळवू त्यांना. येतील त्या." माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "तोवर मी आहे."