दगडाखालचा हात

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. माझ्या डोक्यात काय चालतं हे विचारणारं या घरात कोणी नाही. निदान कागदाला तरी कळावं.
सद्यस्थिती: ऑफिस बंद पडलं म्हणून ही आणि मी तात्पुरते सासुरवाडीला आलो. त्याला दोन वर्षं पाच महिने झाले. खाली सासरेबुवांचं फर्निचरचं वर्कशॉप, वर आम्ही. बाहेर गच्चीवर, खोलीच्या खिडकीला टेकवून फळ्यांचा स्टॉक रचलेला. खिडकी उघडली तरी फळ्याच दिसतात.
माझं काम: पॉलिशपेपर घासणे. तेही तात्पुरतंच.
संकल्प: सहा महिन्यांत इथून बाहेर.

७ जानेवारी
मोठी बातमी. सासरेबुवांचा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, चाळीस वर्षं घासून मधोमध होडीसारखा खोल झालाय. त्यावर रंध्याचं पातं सपाट लागत नाही. जेवताना म्हणाले, माझ्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, नवा दगड कोणीतरी निवडा. ज्याच्या हाताला दगड बसेल त्याने माझा कामाचा बाकही सांभाळावा.
'कोणीतरी' म्हणताना त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. हिचं म्हणणं, बाबा भाजीच्या पातेल्याकडे बघत होते. पातेलं माझ्यापुढेच होतं, त्यामुळे वाद नको.
सासरेबुवांना दोन मुली, मुलगा नाही. ही लहानपणापासून वर्कशॉपमध्ये वावरली, पण बाकावर तिला त्यांनी कधी बसवलं नाही. मुलीच्या हातचं फर्निचर गिऱ्हाईक घेत नाही, हे त्यांचं ठाम मत. म्हणजे राहिलो मीच.

११ जानेवारी
अभ्यास जोरात. लायब्ररीतून पुस्तक आणलं. खाणीतून निघणाऱ्या दगडांचे प्रकार कळले. करडा: मऊ, भरड, लोखंड भराभर खातो. पांढरा: मधला. काळा: सर्वांत टणक, सर्वांत बारीक, पात्यात तोंड दिसेल अशी धार. तिन्ही याच क्रमाने वापरावेत असं एक आख्खं प्रकरण आहे. ते सोडलं. जिना चढायची ताकद असलेल्या माणसाने थेट शेवटच्या पायरीवर पाय ठेवावा.

१८ जानेवारी
दगडवाला आला. पेटीत भुशावर ओळीने मांडलेले दगड. मी प्रत्येकावर पट्टी उभी धरून सपाटपणा पाहिला. कडा उजेडासमोर धरली. चिरा शोधल्या. टिचकी मारून आवाज ऐकला. यात एक नख गेलं. शेवटी काळ्यावर बोट ठेवलं.
दगडवाला म्हणाला, "साहेब, हा शेवटचा हात फिरवायला. आधी करडा लागेल तुम्हाला." एकाच्या जागी दोन खपवायची ट्रिक. मी फक्त हसलो.
सासरेबुवांनी काळ्या दगडावर अंगठा फिरवला. "दगड चांगलाय, जावईबापू, पण..." म्हणाले आणि थांबले. मन भरून आलं असणार.
ही दगडवाल्याला दारापर्यंत सोडायला गेली ती बऱ्याच वेळाने आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. काय ते विचारलं. म्हणाली, दार आपटतं ना, त्याला लावायला.

२० जानेवारी
पहिली धार! पुस्तकात मशीनचं हलकं तेल सांगितलंय. ते संपलं होतं. स्वयंपाकाचं घेतलं. तेल ते तेल.
एक तास वीस मिनिटं पटाशी घासली. पातं असं चमकलं की मी त्यात भांग पाडला. लाकडावर मात्र घसरली. लाकूड दमट आहे.

२१ जानेवारी, सकाळी ८.३०
तीच पटाशी आज लाकडात अशी गेली की मीच दचकलो. धार मुरायला वेळ लागतो! संध्याकाळी लावावी, सकाळी वापरावी. हे कुठल्याही पुस्तकात नाही.
शिट्टी वाजवत काम केलं. या घरात पहिल्यांदाच.
ही हल्ली सकाळी सहालाच खाली जाते, झाडायला. गुणी आहे. बोटं मात्र काळी करून येते. झाडूला एवढं काळं कसं लागतं, विचारायला हवं.

२ फेब्रुवारी
शाळेच्या वाचनालयाची ऑर्डर आली. बारा कपाटं, प्रत्येकाला चार खण. खणांचे सांधे सासरेबुवांनी माझ्याकडे दिले. आज सहा सांधे बसवले. मुख्याध्यापिका बाई पाहायला आल्या, एक खण आतबाहेर सरकवून म्हणाल्या, काय हात आहे! मी म्हटलं, दगड आहे बाई, दगड.
ही कोपऱ्यात वाकून भुसा गोळा करत होती. पाठ हलत होती. खोकला असावा.

९ फेब्रुवारी
जुन्या साहेबांचं पत्र. दुसऱ्या शहरात ऑफिस निघालंय, माझ्यासाठी खुर्ची ठेवलीय, पंधरा दिवसांत कळवा.
दोन वर्षं या पत्राकडे डोळे लावून बसलो होतो. आलं, आणि मी टेबलावर ठेवून पटाशीला तेल लावायला गेलो.
हिला दाखवलं. उभ्यानेच दोनदा वाचलं. म्हणाली, "अहो, जा तुम्ही. तुमचा जीव इथे घुसमटतो, मला दिसतं ना."
मी म्हटलं, आणि तू?
"मी नंतर येईन. बाबांचे डोळे असे, लगेच कशी येऊ?"
मी तिला शांतपणे समजावलं. मी गेलो तर इथे धार कोण लावणार? सांधे कोण बसवणार? सगळा डोलारा माझ्यावर उभा आहे. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. "होईल काहीतरी," एवढंच म्हणाली. घाबरली असणार बिचारी.

१४ फेब्रुवारी
साहेबांना नकार पाठवला. वाक्य चांगलं जमलं: 'आता माझ्या हाती एक विद्या आहे आणि या विद्येवर एक घर अवलंबून आहे.' पत्र टाकून परत येताना पाय जड का वाटत होते कोण जाणे. नवे बूट असतील.

२० फेब्रुवारी
मेहुणी बाळंत झाली. ही आठ दिवस तिकडे.

२२ फेब्रुवारी
पटाशी चालेना. थंडीमुळे लोखंड आखडतं.

२३ फेब्रुवारी
थंडी नाही. दगडावर तेलाचा पिवळा चिकट थर बसलाय. नखाने ओढलं तर मेणासारखं निघतं. साबणाने धुतला. काही फरक नाही.

२५ फेब्रुवारी
लोखंडच खराब आहे. हल्लीचं लोखंड.
तीन सांधे फाटले. त्या फळ्या भिंतीकडे तोंड करून लावल्या. सासरेबुवांनी बाकीच्या सांध्यांवरून बोट फिरवलं, फाटलेल्या जागी ते थांबलं, आणि त्यांनी हात खिशात घातला. ओरडले असते तर बरं झालं असतं.
दुपारी दारात उभा राहिलो. दार उघडं, रस्ता रिकामा, अडवायला कोणी नाही. तरी पंधरा मिनिटांनी आपसूक आत आलो. कुठे जाणार? जायचं ठिकाण मी अकरा दिवसांपूर्वी पोस्टाने परत पाठवलं.

२८ फेब्रुवारी
ही आली. काळजी घ्यायला माणूस आलं. भिंतीजवळच्या फळ्या तिने उलटून पाहिल्या. मी म्हटलं, लाकूड वाईट निघालं. हो म्हणाली.

१ मार्च, सकाळी ८.१५
धार परत! केस कापते! उलगडा झाला: नैसर्गिक दगडाला विश्रांती लागते. काल हिच्या येण्याच्या गडबडीत मी दगडाला हात लावला नव्हता. जमिनीतून आलेली वस्तू आहे, थकणारच.

८ मार्च
असा शोध स्वतःपाशी ठेवणं पाप. पुढच्या रविवारी जाहीर प्रात्यक्षिक ठरवलं. आसपासच्या सुतारांना बोलावलं, दगडवाल्यालाही.
ही नको म्हणाली. संध्याकाळी पुन्हा नको म्हणाली. आज सकाळी म्हणाली, "निदान पातं आधी लावून ठेवा, आणि लोकांसमोर नुसतं कापून दाखवा."
लबाडी माझ्या रक्तात नाही, हे तिला बजावलं.

१६ मार्च, रविवार
लिहायचं नव्हतं. लिहितो.
नऊ सुतार आले. भाषण झालं. मग सगळ्यांसमोर रंध्याचं पातं विटेवर घासून मुद्दाम बोथट केलं. दगडापेक्षा वीट मऊ, असा विनोदही केला. दोघं हसले.
मग काळा दगड. दहा मिनिटं. वीस. चाळीस. कोणीतरी चहा मागितला. पातं आरशासारखं लखलखत होतं. कागद धरला, ओढला. कागद फाटला, कापला गेला नाही. दुसरा धरला. तोही फाटला. मागून कोणीतरी म्हणालं, भिंतीवर लावा, छान दिसेल.
सासरेबुवा खुर्चीतून म्हणाले, "पुरे, जावईबापू." आवाज मऊ होता. तेच जास्त लागलं. मग मान न वळवता त्यांनी हिला हाक मारली. "ये बाळ. रोज सकाळी लावतेस तशी लाव."
ही जागेवरच थिजली. मग दारामागून फडक्यातला दगड घेऊन आली. करडा होता. दगडवाला पटकन बोलून गेला, "ताई, हा तर माझ्याकडून त्या दिवशी नेलेला." करड्यावर थोडा वेळ, सासरेबुवांच्या पेटीतल्या पांढऱ्यावर थोडा वेळ, मग माझा काळा धुऊनपुसून त्यावर अगदी चार हात. रंधा चालवला. फळीभर लांब सलग साल निघाली, इतकी पातळ की पलीकडचा सुतार तिच्यातून दिसत होता.

सासरेबुवा म्हणाले, "सहाला मी जागाच असतो. पातं दगडावर चाललेलं मला कळणार नाही?"
हिने विचारलं, "मग बोलला का नाहीत, बाबा?"
"तू बोलशील म्हणून थांबलो होतो. आणि आजवर तुला बाकावर बसवलं नाही, तो मी कोणत्या तोंडाने बोलणार होतो?"
उठले, चाचपडत बाकाजवळ गेले, स्टूल ओढून तिच्या पुढ्यात ठेवलं. ती बसली. सुतारांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला, छान बसली. मी चहाचे कप उचलले.

१७ मार्च
तिला विचारलं, का केलंस?
म्हणाली, "तुम्ही शिट्टी वाजवत जिना उतरायला लागला होतात. ती बंद करायचं धाडस होईना." मग, "आणि खरं सांगू? मलाही धार लावायला मिळत होती. तुमच्या नावाखाली का होईना."
मी म्हटलं, पत्र आलं तेव्हा तरी सांगायचंस.
तिचे डोळे भरले. म्हणाली, "तेव्हा चुकले. सांगितलं असतं तर तुम्ही गेला असतात. तुम्ही जावं असं तोंडाने म्हणत होते, पण तुम्ही गेलेलं मला नको होतं."
रागवायचं होतं. राग अर्ध्या जिन्यापर्यंत आला आणि परत गेला.

१८ मार्च
राग आज आला. बॅग भरली. साहेबांना तातडीचं पत्र टाकलं: विद्या आटोपली, येतो.

२९ मार्च
उत्तर. जागा भरली. साहेबांच्या भाच्याने. तुमच्या विद्येला शुभेच्छा, असंही लिहिलंय.
बॅग रिकामी केली. तीन शर्ट होते, तरी तासभर लागला.

२ एप्रिल
कपाटांचं काम ही करते. मुख्याध्यापिका बाई पुन्हा येऊन गेल्या, खण सरकवून पाहिला, हात कोणाचा हे कळलं तरी ऑर्डर तशीच ठेवली. उलट दोन कपाटं वाढवली. सासरेबुवा दिवसभर याच विषयावर गप्प होते.
मी पॉलिशपेपरवर.

५ एप्रिल
जेवणानंतर तिला म्हटलं, मला शिकव. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, उद्यापासून, फक्त करडा, महिनाभर काळ्याकडे बघायचंसुद्धा नाही.
महिना कशाला? माझा हा पूर्वानुभव धरता आठवडा पुरे.

६ एप्रिल
पटाशी घासायची, पात्याच्या मागे बोट लावून बघायचं. धारेच्या कडेला लोखंडाची बारीक किनार बोटाला लागली की एक बाजू झाली. ती किनार काही केल्या येईना. प्रत्येक वेळी पातं तिच्यापुढे धरायचं, ती मान वर न करता बोट लावणार आणि म्हणणार, पुन्हा.
सकाळपासून अकरा वेळा 'पुन्हा'.
बाराव्या वेळी पातं पुढे केलं तर ती काहीच बोलली नाही. अंगावर काटा आला. जमलं! डोळे मिटून तसाच उभा राहिलो. मग उघडले.
ती जेवायला गेली होती.