बाबांच्या गप्पींची टाकी कोणी सांभाळावी

इंदूर, ९ फेब्रुवारी २०२५

यशोधन, दिवाळीपासून मी तुला स्वतःहून एकही फोन केला नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. पुढचे सारे कायदेशीर आहे; मध्येच चिडून कागद ठेवून देऊ नकोस.

मी, संहिता चिंतामण तारे, वय सत्तेचाळीस, अविवाहित, राहणार लोकमान्य नगर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. धोका कमी आहे, असे डॉक्टर म्हणतात. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते; कमी म्हणजे शून्य नव्हे.

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक धाकटा भाऊ यशोधन यास मिळावी.

२. आईच्या दोन्ही माहेश्वरी साड्या यशोधनची मुलगी श्रिया हिला. तिने त्यांचे पडदे शिवले तरी चालेल. (खरेच चालेल का? हो, चालेल.)

३. माशांच्या जाळ्याही यशोधनला. बाबा पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमधून तार आणत आणि आई तिच्यावर मच्छरदाणीचे कापड शिवून देई. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, दांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा. एकीचा रोग दुसरीत जायला नको. रविवारी सकाळी बादलीत लाल दवेचे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचे, कण पडत, पाणी गुलाबी होई, जाळ्या त्यात भिजत, साध्या पाण्यातून निघत आणि गच्चीवर चिमट्यांना लटकून उन्हात वाळत.

"झालं का तुमचं सरबत?" आई जिन्यातून विचारी.

"तुझा गिलास पाठव," बाबा म्हणत.

साबणाला त्या बादलीजवळ फिरकायची परवानगी नसे. ओल्या जाळ्यांना उन्हात शेवाळी वास येतो. मी हे सगळे माशांसाठी करते की त्या वासासाठी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

४. मोठी टाकी, बाबांच्या गप्पींच्या वंशासह, यशोधनला मिळू नये. ती माझे सहकारी, महूचे ज्ञानदीप वाहाने यांना द्यावी.

कारण नोंदवते. दिवाळीत मी परीक्षेच्या कामासाठी भोपाळला असताना यशोधनने प्रेमाने टाकी साफ केली. जाळ्या उकळल्या, ते ठीक. त्याने फिल्टरचा स्पंजही उकळला. पाणी निर्मळ ठेवणारे जिवाणू त्या मळक्या स्पंजातच राहतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा असतो. आठवड्याने मी परतले तेव्हा काच लखलखत होती आणि निम्म्याहून अधिक गप्पी मेले होते.

"ताई, अपना इंदूर सफाईत नंबर वन, आणि तुझा स्पंज नाल्यातला वाटत होता," तो म्हणाला. म्हणताना त्याचे डोळे भरले होते, हेही नोंदवते.

इथवर काल लिहिले. आज सही करायच्या वेळी ज्ञानदीपने चौथे कलम वाचले.

"मॅडम, मासे मी आनंदाने नेईन. पण स्पंज उकळायचा नसतो, हे त्याला कोणी सांगितलं होतं?"

यशोधन दाराशी बूट काढत होता. त्याने ऐकले.

"सांगणार कोण, भिया? बाबा म्हणायचे, यशू, लांब हो, काच फोडशील. मी गच्चीच्या दारातून बघायचो. जाळ्या दवेत पडताना दिसायच्या. स्पंज टाकीपाशीच पिळत असतील, तो मला कधी दिसलाच नाही. मग जे जाळीला, तेच त्याला, असं वाटलं, क्या करता?"

बाबांनी मला शिकवले. त्याला शिकवायचे राहून गेले.

५. कलम ४ रद्द. खाडाखोडीवर माझी सही आहे. मोठी टाकी, गप्पींसह, यशोधनची. आणि माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून. ज्ञानदीपला आता काहीच मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार होऊ शकतो. "वा, हे बरं आहे," तो म्हणाला.

मी ही सही दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत केली; त्यांनी आपल्या सह्या माझ्यासमोर केल्या.

(सही) संहिता चिंतामण तारे
साक्षीदार: ज्ञानदीप वाहाने, महू
साक्षीदार: कुमुदिनी पागे, शेजारी
इंदूर, १० फेब्रुवारी २०२५

उद्या: स्पंज यशोधनकडून पिळून घेणे.