आत्या सुखरूप आहे, आधी एवढंच वाच

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी तब्येत ठीक असेल, वहिनींची पाठ आता वाकायला लागली असेल (म्हणजे त्यांना वाकता येत असेल, भलता अर्थ घेऊ नकोस) आणि वीजकेंद्रातल्या रात्रपाळ्यांनी तुझी झोप अगदीच खाऊन टाकली नसेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तुझी आई, म्हणजे आमची आत्या, तर सगळ्यांत जास्त मजेत आहे. हे वाक्य कृपा करून पुन्हा एकदा वाच, कारण पुढचं वाचताना तुझा हात मध्येच फोनकडे जाईल. या क्षणी ती बाल्कनीत बसून चहा पिते आहे आणि साखर कमी पडल्याबद्दल आमच्या हिला ऐकवते आहे. धाकट्या काकांचा फोन तुला आधीच येऊन गेला असेल, तर त्यांनी सांगितलेलं निम्मं सोडून दे. उरलेलं निम्मं दुर्दैवाने खरं आहे आणि तेच सांगायला हे पत्र. (फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.)

तुला आठवत असेल, सगळ्या भावंडांचं, काका-आत्यांचं एकत्र भेटणं यंदा माझ्याकडे ठरलं, ते केवळ मी समुद्रकाठी राहतो म्हणून. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला माणसं सांभाळायची सवय असते, असंही कुणीतरी म्हणालं. दुकानात माणसं एकेक येतात, खुर्चीत बसतात आणि समोरची अक्षरं वाचा म्हटलं की वाचतात. आपल्या घरची माणसं तशी नाहीत हे मला सहली ठरवायला बसलो तेव्हा कळलं. मी पहिल्या दिवशी सरळ समुद्रावर जायचं सुचवलं. मोठ्या काकू म्हणाल्या, वाऱ्याने कान धरतात. धाकटे काका आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, त्यांचं म्हणणं पडलं की समुद्र हा नकाशावर समजून घेतल्याशिवाय बघण्यात अर्थ नाही. माझ्या बहिणीला वाळू चालत नाही, तिच्या नवऱ्याला ऊन चालत नाही आणि त्यांच्या मुलीला जिथे फोनला रेंज नाही असं काहीच चालत नाही. शेवटी सगळ्यांना चालणारं असं जे उरलं त्यात एक जहाजांचं संग्रहालय, एक मत्स्यालय, झाकलेली बाजारपेठ आणि दीपगृह होतं. म्हणजे दूरदूरहून समुद्रकाठच्या शहरात आलेल्या माणसांना मी समुद्र सोडून सगळं दाखवणार होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही भाड्याची बस करून. आत्याला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला पाण्यात पाय घालायचेत." त्यावर एकदम चारपाच जण तिच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागले आणि मी समुद्र शेवटच्या दिवशी "वेळ उरला तर" या सदरात टाकला. (तुझेही त्याच आशयाचे तीन निरोप आले होते. आईला ओलाव्यात नेऊ नकोस. मी तुझंच ऐकलं हे विसरू नकोस.)

कुणी हरवू नये म्हणून मी खबरदारी घेतली होती. धक्क्याजवळच्या दुकानातून सगळ्यांना सारख्या पिवळ्या टोप्या घेतल्या. इतका भडक पिवळा रंग की लांबून कावीळ झालेल्या माणसांचा मोर्चा वाटावा. आमची ही म्हणाली, बस सुटताना माणसं मोजत जा. मी म्हटलं, डोळ्यांचा धंदा आहे माझा, एका नजरेत मोजतो. हे वाक्य मी मागे घेतलेलं आहे, पण ती घेऊ देत नाही.

दीपगृह बघून झालं. (जिने फार आहेत, वर फक्त धाकटे काका गेले आणि खाली येऊन सगळ्यांना वरून काय दिसतं ते सविस्तर सांगत बसले.) मग आम्ही बसमध्ये चढलो. मी दारात उभं राहून पिवळ्या टोप्या मोजल्या. बरोबर आल्या. बस सुटली. धाकट्या काकांच्या शेजारी एक शांत, सडपातळ म्हातारे गृहस्थ बसले होते. मी पाहिले, पण मला वाटलं, बहिणीच्या सासरकडचे असतील. बहिणीला वाटलं, मोठ्या काकूंच्या माहेरचे असतील. मोठ्या काकूंना वाटलं, माझ्या दुकानातले असतील. त्यामुळे सगळ्यांनी त्यांना अगत्याने खायला दिलं, खिडकी बंद करून दिली, आणि काकांनी तर भरती-ओहोटी त्यांना मुळापासून समजावून सांगितली. ते मान डोलावत होते. काका नंतर मला हळूच म्हणाले, तुझ्या ओळखीतला हा पहिला समंजस माणूस.

दुपारी बाजारपेठेबाहेर जेवायला उतरलो. आत्याच्या गोळीची वेळ झाली. आमची ही पाण्याची बाटली आणि गोळी घेऊन सगळ्या टोप्यांखाली वाकून वाकून बघत गेली आणि शेवटी त्या गृहस्थांपाशी थांबली. त्यांनी हात पुढे केला. कसली गोळी म्हणून विचारलं. ही म्हणाली, रक्तदाबाची. ते म्हणाले, "मग द्या, माझीही हीच चालू आहे."

दादा, तेव्हा आमच्या हिचा चेहरा जो झाला तो मी आमच्या लग्नानंतर प्रथमच पाहिला. तिने विचारलं, आपण कुणाचे? ते अतिशय नम्रपणे म्हणाले की त्यांनाही तेच कळत नव्हतं, पण सगळे इतकं प्रेमाने वागत होते की विचारणं बरं दिसलं नसतं. घरी त्यांच्याशी इतका वेळ कुणी बोलत नाही, असंही म्हणाले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. टोप्या बरोबर होत्या, पण एका टोपीखाली आत्या नव्हती. मी बसमध्ये धावलो, सीटखाली पाहिलं. (का पाहिलं ते विचारू नकोस.) मोठ्या काकू रडायला लागल्या. काका म्हणाले, दीपगृहाच्या दक्षिणेला कडा आहे. त्यांना गप्प बसवायला कुणालाच सुचेना. मला एकच दिसत होतं, मी आत्याला आणायला आलो तेव्हा स्टेशनवर तिची पिशवी माझ्या हातात देताना तू माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होतास. तुला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो आणि एकही वाक्य धड उभं राहत नव्हतं.

तेवढ्यात बहिणीच्या मुलीने डोकं चालवलं. तिने म्हाताऱ्यांना फोन आहे का विचारलं. फोन होता, पण बॅटरी वाचावी म्हणून ते तो बंदच ठेवतात. तिने तो चालू केला आणि तो तिच्या हातातच वाजायला लागला. पलीकडे त्यांची सून होती. त्यांचंही कुटुंब गोळा झालं होतं, त्यांचीही पांढरी भाड्याची बस दीपगृहाशीच उभी होती आणि त्यांच्यातल्या शहाण्यानेही कुणी हरवू नये म्हणून त्याच दुकानातून त्याच टोप्या घेतल्या होत्या. सून म्हणाली, "आमचे बाबा तुमच्याकडे आहेत का? तुमच्या आजी आमच्याकडे आहेत. काळजी करू नका, अगदी ठीक आहेत. फक्त पाण्यातून बाहेर यायला तयार नाहीत."

माझा जीव भांड्यात पडला. मी फुटपाथवरच बसलो आणि हसू लागलो आणि हसता हसता डोळे पुसायला चष्मा काढायला गेलो तर तो बसमध्येच राहिला होता.

जेवण तसंच टाकून आम्ही सगळे समुद्रावर गेलो. कानवाले, वाळूवाले, ऊनवाले, सगळे. आत्या पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी होती. दोन्ही बाजूंनी त्या घरच्या दोन नातींनी तिला धरलं होतं, आणि लाट आली की ती त्यांनाच सांगत होती की घाबरू नका. मी बुटांसकट पाण्यात शिरलो. रागवायचं ठरवूनच शिरलो होतो. बस चुकली हे कळलं कधी, असं विचारलं. तर म्हणाली, "चढल्या चढल्याच. तुमच्या बसमध्ये सगळ्यांना माझे गुडघे माहीत आहेत. त्यांच्या बसमध्ये कुणाला नव्हते, आणि ते समुद्रावर चालले होते." मग माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, "आलाच आहेस तर ते काढ तरी."

मी बूट काढले. थोड्या वेळाने मोठ्या काकूही कानाला रुमाल बांधून आल्या. दोन्ही कुटुंबं अंधार पडेपर्यंत तिथेच होती. काका आणि ते गृहस्थ भरतीची वाट बघत वाळूत खुर्च्या टाकून बसले होते. ती आली तेव्हा काकांची पाठ तिच्याकडे होती. खुर्चीसकट भिजले. पुढच्या दिवसांचं संग्रहालय, मत्स्यालय सगळं मी रद्द केलं आणि आश्चर्य म्हणजे एकानेही तक्रार केली नाही. इतक्या वर्षांत आपल्या घरात एका गोष्टीवर एकमत झालेलं मी हे पहिल्यांदाच पाहिलं.

आत्याचे गुडघे ठणठणीत आहेत. माझे दुखतायत. वहिनींना नमस्कार सांग, पोरांना शाबासकी दे, कशाबद्दल ते तूच ठरव.

तुझा धाकटा मामेभाऊ
(चष्मेवाला)

ता. क. पुढच्या वेळी सगळ्यांनी तुझ्याकडे जमायचं ठरलं आहे. तुझं नाव मी सुचवलं. तू हजर नसल्यामुळे विरोध झाला नाही.

ता. क. २. ते गृहस्थ आणि त्यांचं कुटुंबही येणार आहे. आमंत्रण आत्याने दिलं. खोल्या बघून ठेव.

ता. क. ३. आता मूळ मुद्दा. रविवारी आत्याला न्यायला येतो म्हणाला होतास, तर येऊ नकोस. दुकान उघडण्याआधी मी तिला रोज पाण्यावर नेतो. बाकी सगळे कधीच परत गेले, तरी आम्ही दोघं जातो. काल येताना म्हणाली, त्याला सांग, अजून थोडे दिवस. मी सांगितलं तर तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं. ओलाव्याचं मी बघतो.