शिक्क्यावरचा ओरखडा

प्रिय डोरीन,

निवृत्तीच्या दिवशी चिनीमातीच्या कारखान्याने आपल्या आईला दिलेले कप परवा स्टोकमधल्या जुन्या भांड्यांच्या जाणकाराकडे नेले. आईही आली होती. त्याने एक कप उलटा करून बुडावरच्या कारखान्याच्या शिक्क्यावरचा ओरखडा दाखवला. म्हणाला, "कारखाना नापास मालावरच असा ओरखडा मारायचा. याला किंमत नाही."

आई म्हणाली, "यावरचे हे गुलाब मी रंगवलेत. चूक दाखव, बाळा."

त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं. त्याला चूक सापडली नाही.

तेव्हापासून आई खिडकीशी कप फिरवत बसते. तिला धड दिसतही नाही. सारखी विचारते, "मेव्हिस, सापडली का गं?" कारखाना कधीच पाडला. मी कुणाला विचारू?

हे पत्र टाकणार नाही. रविवारी तुझा फोन आला की आई मजेत आहे, एवढंच सांगेन.

तुझी,
मेव्हिस