फडकं बांधलेलं वांगं

धाड, ५ मे २०२५

चि. हृषीकेश,

पंधरा जानेवारी २०२३ रोजी दुपारी चार वाजता तू तुझ्या आईच्या मळ्यातलं फडकं बांधलेलं वांगं तोडलंस. बियाण्यासाठी राखलेल्या वांग्यालाच फडकं बांधतात, हे तिच्या मुलाला कळू नये? त्या वाणाचं तेवढंच एक उरलं होतं. "जाऊ द्या बाई, त्याले कामी येईन," म्हणाली ती मला.

तुझा शोधनिबंध वाचला. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टरांनी इंग्रजी नीट शिकवलं होतं. त्या वांग्याचा सगळा जीनोम आता संगणकावर आहे, आणि बी प्रयोगात संपलं, असं तळटीपेत आहे. तिथे तुझ्या आईचं नावही नाही.

ती दर बाजाराला विचारते, "पोट्टा बी कधी धाडते वो?" मी म्हणते, प्रयोग चालू आहे. तुझ्यापायी या वयात खोटं बोलते आहे. तिने वाफा करून ठेवलाय.

आधीची पत्रं फार कडू झाली म्हणून पेटीत टाकली नाहीत. हेही तसंच होतंय.

एकतीस मेच्या आत, मृगाआधी, बी संपलं हे तिला लेखी कळव. वाचून मी दाखवीन, पण शब्द तुझे हवेत.

तुझी,
पुष्पाआत्या