दहा लाख एक

मंगळवार, संध्याकाळ. म्हैसूर

चैन पडत नाहीय. अप्पांचं विसरणं वाढलंय, तरी रोज चहानंतर ते मला एका मोठ्या संख्येचं कोडं घालतातच. जन्मभर हुणसूरला गणित शिकवलं, ती खोड जाणार कशी? आज म्हणाले, "दहा लाख एक. मूळ संख्या आहे, कशानंही भाग जायचा नाही. बघ."

मी तीन, सात, अकरा करत सत्त्याण्णवपर्यंत भागत गेले. जाईना. खरं तर हजारापर्यंत बघायला हवं, त्यांनीच शिकवलंय. पण कंटाळले. म्हटलं, "हो अप्पा, मूळच."

"हजारापर्यंत बघितलंस?"

"हो."

स्वयंपाकघरात गेले, तरी ते सत्त्याण्णव डोक्यातून हलेना. पुढची मूळ संख्या एकशे एक. तिनं भागून पाहिलं, तर बाकी शून्य! एकच पायरी आधी थांबले होते मी. धावत सांगायला गेले.

"गोत्तु, माहीत आहे मला," अप्पा म्हणाले. हसले नाहीत. "तू खरंच भागतेस, की म्हाताऱ्याला नुसतं हो म्हणतेस, ते बघत होतो."

उद्यापर्यंत विसरतील, असं मनात आलं आणि क्षणभर हायसं वाटलं. हायसं! मला?