आतला आंबटपणा

४ तारीख, सोमवार
आलो एकदाचा. ताईने तिच्या प्रयोगशाळेच्या वरची खोली झाडूनपुसून ठेवली होती, खिडकीला नवा पडदा. कॉलेजातली नोकरी सुटल्यापासून कुणी माझी अशी वाट पाहिली नव्हती. जेवताना भावजी म्हणाले, आता मुलांऐवजी पेशींची हजेरी घ्या, त्या निदान दांडी तरी मारत नाहीत. भावजी दातांचे डॉक्टर. गेल्या वर्षी माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली. तेव्हापासून माझ्या अकलेवर त्यांचे विनोद चालूच आहेत.

६ तारीख
काम आवडलं. बशीतल्या जिवंत पेशींत रंग मुरवायचा. निळा प्रकाश टाकला की त्या हिरव्या चमकतात. आत आंबटपणा वाढला की चमक मंदावते आणि संगणकावरची रेघ खाली येते. एक विचित्र गोष्ट: मी जिना धावत चढून आलो की रेघ खाली, दम ओसरला की वर. योगायोग असेल. पण नुसतं ‘असेल’ म्हणून सोडून देणं मला जमत नाही.

९ तारीख
तपासलं. मी बाहेर बाकावर बसून, जाणवेल ते वेळेसकट लिहीत होतो. आत ताई मनाला येईल तेव्हा बशीत आम्लाचा थेंब टाकत होती. प्रत्येक थेंबाला माझ्या तोंडाला आंबट पाणी, बोटांना मुंग्या. दोघांचे कागद शेजारी ठेवले. थेंबाला थेंब जुळला. मी हादरलो. ताईला आनंद झाला. तेच लागलं मनाला.

११ तारीख
सरळ विचारलं, पेशी कुणाच्या. तुझ्याच की, ती म्हणाली, मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तशी. दाढेबरोबर हिरडीचा तुकडा निघाला होता, तो भावजींनी तिला आणून दिला. मला विचारलं का नाही? विचारलं असतं तर तू हजार शंका काढल्या असत्यास, म्हणाली. काढल्या असत्या, खरं आहे. मग खोली, काम, तो पडदा — सगळं त्यासाठीच? तिने माझ्या ताटात आणखी वाढलं.

१२ तारीख
शेवटची पायरी उरली आहे. चमकेवरून खरा आकडा काढायचा तर त्याच पेशींत औषध घालून आत-बाहेरचा आंबटपणा सारखा करावा लागतो. त्यानंतर पेशी जगत नाहीत. विनवलं, ही बशी सोड. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिच्यावर नाही तर कुणावर—

१३ तारीख
दाराला बाहेरून कुलूप. भावजी खाली प्रयोगशाळेत जाता जाता जिन्यावरून म्हणाले, घाबरता काय, दाढ काढताना तरी कळलं होतं का? हसले.
ताई दाराशी. तू फक्त लिहीत राहा बाळा, काय काय होतंय ते, तुझ्याइतकं खरं कोण लिहिणार—

तोंड आंबट. खूप.
ती विचारतेय, आता?
डावा हात गेला.
हे का लिहिलं मी — हेच तर तिला हवं —
खोटं लिहावं. आयुष्यात एकदा. मग तिच्या आकड्यांशी माझं लिहिणं जुळणार नाही, सगळं फुकट—
आता? विचारतेय.
लिहितो. ताई, मला काहीच होत ना—